म्युन्शनचे शेठजी

शहाद्याच्या बाजारात कापडाचं दुकान असलेले एक शेठजी आहेत. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर; माझे पेढे त्यांनीच बाजारभर वाटले. त्यांचा मुलगा जर्मनीत, म्युनिकला असतो. पण म्युनिक म्हटलेलं त्यांना चालत नाही. तिथले लोक म्हणतात तसं 'म्युन्शन'च म्हणायचं. गिऱ्हाईक बायांना हे ठाऊक आहे. भाव करण्याआधी त्या विचारतात, "शेठजी, म्युन्शनले थंडी शे का?" की शेठजी खुलतात आणि वरच्या फळीवरच्या साड्या स्वतः काढतात.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो. एकदा म्हणालो, "इंग्रजीत म्युनिकच बरोबर, शेठजी."

"सर, मन्हा पोऱ्या इंग्रजीमा नही ऱ्हास, जर्मनीमा ऱ्हास."

परवा माझ्यासमोरच मुलाचा फोन आला; शेठजींनी तो स्पीकरवर घेतला. बोलता बोलता तो सांगून गेला, की म्युनिक सोडून जर्मनीतल्याच कलोनला येऊन त्याला वर्ष झालं. शेठजी नुसतंच "बरं, बरं" म्हणाले. फोन ठेवून माझ्याकडे झुकले.

"सर, कलोनले तठला लोक काय म्हनतस?"

"क्योल्न."

ओठांचा चंबू करून त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. तेवढ्यात दारात एक बाई आल्या.

"या, ताई," शेठजी मोठ्यानं म्हणाले, "मन्हा पोऱ्यानी कालच बदली व्हयनी, क्योल्नले."