खारदांड्याची पश्चिम

वसुधा सोमवारी दुपारी गेली. मुलगी बंगळुरूहून आली, तेराव्यानंतर परत गेली. दुर्बीण हॉलच्या कोपऱ्यात होती, तिथेच राहिली.

ती तीन इंची दुर्बीण तिची. मी ग्रंथालयात नोकरी केली. आकाशाचं माझं ज्ञान ती सांगायची तेवढंच. मुलुंडच्या आमच्या गच्चीवरून ती लघुग्रह शोधायची. आज कागदावर ताऱ्यांचे ठिपके काढायचे, दोन दिवसांनी पुन्हा काढायचे. जो ठिपका सरकला तो लघुग्रह. संध्याकाळचे धूमकेतू मात्र पश्चिमेला अगदी खाली असतात, आणि मुलुंडच्या पश्चिमेला डोंगर. "आपल्याकडे पश्चिम नाहीच," ती म्हणायची. "पुढचा आला की खारदांड्याला जाऊ. समोर नुसता समुद्र."

पुढचा ऑक्टोबरात आला. रोज थोडा सूर्याकडे सरकत होता. आठवड्याभरात संधिप्रकाशात बुडणार होता. मी दुर्बीण पिशवीत भरली. भरताना फोकसच्या चाकीला हात लागू दिला नाही. वसुधाचा चष्मा जाड होता. तो काढून ती दुर्बिणीला डोळा लावायची, त्यामुळे तिचा फोकस मला चालायचा नाही. मी चाकी फिरवली की ओरडायची, "हलवलास ना परत? आता बस शोधत!" शेवटचं तिने गच्चीवरून पाहिलं, तेव्हा मी पाहायला गेलो नव्हतो. चाकी तिच्या डोळ्यालाच लागलेली राहिली होती.

रिक्षावाला देवगडचा निघाला. मांडीवरच्या पिशवीकडे आरशातून बघत म्हणाला, "काय ओ काका, तोफ की काय?"

"दुर्बीण."

"मग सांभाळून धरा. पवईपर्यंत खड्डेच खड्डे."

खड्ड्यांवर मी पिशवी मांडीवरून उचलून धरायचो. चाकी आपोआप फिरेल अशी भीती वाटत होती.

पार्ल्याला चहासाठी थांबलो. वसुधाचं माहेर पार्ल्याचं. लहानपणी दुपारी बिस्किटांचा वास घरात यायचा आणि भूक नसताना भूक लागायची, असं ती सांगायची. आता तो वास येत नाही. मी साबुदाणा वडा मागवला. दोन वडे आले. एक रिक्षावाल्याला दिला.

खारदांड्याला पोचलो तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता. होड्या वाळूवर तिरक्या पडलेल्या, वाऱ्याला मासळीचा दाट वास. बांबूंवर बोंबील टांगलेले होते आणि त्यांच्यामधून समुद्र दिसत होता. पश्चिम इतकी मोकळी असते हे मी विसरूनच गेलो होतो. खळ्याच्या (मासळी वाळवण्याच्या जागेच्या) कडेला मी तिपाई उभी केली. तेवढ्यात बोंबील काढणारी एक कोळीण टोपलीसकट माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"ओ मास्तर! काय मोजताव?"

"मोजत नाही काही."

"मंग तिपाई कशाला? मागं एक असाच आयला. तिपाई लावली, डोला लावला, गेला. सकाळी बघलं तं भिंतीवर लाल आकडे. आमचं खलं मोजायचं नाय, सांगून ठेवते."

"ताई, मी मुलुंडहून आकाश बघायला आलोय. धूमकेतू आहे. शेंडीवाला तारा."

तिने टोपली खाली ठेवली. "शेंडीवाला? तो दिसला की वंगाळ होतं म्हणतात."

"व्हायचं ते आधीच झालं," मी म्हणालो.

ती तिथेच उभी राहिली.

अंधारू लागलं. शुक्र नुसत्या डोळ्यांनी दिसला. त्याच्या उजवीकडे, थोडं खाली शोधायचं होतं. दुर्बीण हळूहळू सरकवली. मधोमध एक गोल, धूसर, पांढरा पुंजका. "सापडला!" मी म्हणालो. कोळणीने पदर खोचून डोळा लावला.

"दिसतंय. कापसावानी." मग तिने स्वतःच नळी ढकलली. "इकडं पन एक हाय. आणि हा बघा. किती शेंडीवाले आयलेत?"

मी पाहिलं. एक पुंजका, दुसरा, तिसरा. शुक्रसुद्धा लाडवासारखा. वसुधाच्या फोकसमधून माझ्या डोळ्याला सगळं आकाश धूमकेतूंचंच होतं.

"काच फिरवा ना," ती म्हणाली.

"बायकोच्या डोळ्याला लावलेली आहे."

"ती येनार हाय?"

"नाही."

ती टोपली उचलून बोंबलांकडे वळली. दव पडायच्या आत तिला ते काढायचे होते.

क्षितिजावरचा धुरकट पट्टा वर चढत होता. वसुधाची एक खूण मला पाठ होती: "फोकस नीट केल्यावर तारे टोकदार होतात. जो तरीही धूसर राहतो, तो आपला." ज्यासाठी ती इथे येणार होती ते बघायचं, तर तिचं शेवटचं बघणं हलवावं लागणार होतं. दोन्ही मिळणार नव्हतं. मी खिशातून पेन्सिल काढली, आतली नळी बाहेरच्या नळीतून निघते त्या कडेशी बारीक रेघ मारली आणि चाकी फिरवली.

पुंजके आकसले. एकेक तारा सुईच्या टोकासारखा झाला. एक झाला नाही. मी पुढे-मागे फिरवून पाहिलं. तो होता तसाच राहिला, मऊ, एका बाजूला किंचित सांडलेला.

मी हाक मारली. कोळणीने बराच वेळ डोळा लावला.

"ह्या! एवढासाच? शेंडी कुठंय?"

"शहराच्या उजेडात नाही दिसत."

"आणि एवढ्यासाठी मुलुंडवरून आयलाव?"

"हो."

"बायकोनं धाडलं असेल," ती म्हणाली, आणि सुक्या बोंबलांची एक जुडी माझ्या पिशवीत कोंबली. पैसे घेतले नाहीत.

मी परत पाहिलं तेव्हा धूमकेतू पट्ट्यात शिरला होता. मग गेला. मला शेजारी कुणीतरी "सरक आता, मला बघू दे" म्हणायला हवं होतं.

परतताना रिक्षाभर बोंबलांचा वास होता. मी पिशवी नुसती शेजारी ठेवली. खड्ड्यांवर उचलली नाही. मुलुंडला उतरलो तेव्हा डोंगर नेहमीच्या जागी काळा उभा होता.

दुर्बीण पुन्हा हॉलच्या कोपऱ्यात आहे. आता ती माझ्या डोळ्याला लागलेली आहे. नळीवर पेन्सिलीची रेघ आहे, कडेपासून ज्वारीच्या दाण्याएवढी दूर.