लाल दिव्याचं मशीन

"मशीन चालू आहे ना?"

"चालू आहे सर," विभागप्रमुखांनी पॅनलवरच्या लाल दिव्याकडे बोट दाखवलं.

मी तिसऱ्यांदा विचारत होतो आणि तिसऱ्यांदा तोच दिवा बघत होतो. या कॉलेजात सिव्हिल इंजिनीअरिंग कसं शिकवतात, हे तपासायला आमची दोघांची समिती आली होती. आमच्या रिपोर्टवर त्यांची मान्यता ठरणार होती. सकाळपासून शाल, नारळ, पीपीटी झाली. शिकवण्याचा पत्ता नव्हता. माझं डोकं उठलं होतं.

समोर होतं युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन. लोखंडी सळई दोन जबड्यांत धरायची आणि तुटेपर्यंत ओढायची. किती जोर सोसला ते कळतं. सिव्हिलच्या पोराने निदान एवढं तरी डोळ्यांनी पाहिलेलं असावं.

"मग एक सळई तोडून दाखवा," मी म्हटलं.

ऑपरेटर सुट्टीवर होता. सळईही नव्हती म्हणे. खिडकीबाहेर होस्टेलचं बांधकाम चालू होतं आणि सळयांचा ढीग पडला होता. मी नुसता तिकडे बघत राहिलो, तेव्हा शिपाई हातभर तुकडा कापून घेऊन आला.

जबडा उघडायला वाकलो, तर आत दोन्ही बाजूंना ठसठशीत कुंकू. झेंडूची एक वाळकी पाकळीही होती. यंत्रांची खंडेपूजा दसऱ्याची, आणि बाहेर तर उन्हाळा लागला होता. एकदा जरी सळई धरली असती, तरी ते कुंकू राहिलं नसतं.

"पूजेचं आहे सर. पुसायचं कसं?" विभागप्रमुख म्हणाले. गंमत करत असतील म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. नव्हते करत.

माझे सहकारी घड्याळ दाखवू लागले. जेवण थांबलं होतं, संध्याकाळी शेगावहून गाडी होती. दारात शेवटच्या वर्षाची मुलं उभी होती. वरवट बकाल गावच्या एका मुलीला मी विचारलं, "बेटा, सळई तुटताना पाह्यली का कधी?"

तिने आधी विभागप्रमुखांकडे पाहिलं.

"मशीन चालू हाये सर," ती म्हणाली. "पण कोणी चालवून नाही राह्यलं. महिन्याभरात आम्ही पास होऊन जाऊ. तुम्ही गेले की हे लोक कव्हर टाकतीन. आत्ताच तोडा न एक."

मग मी हटलोच नाही. सहकाऱ्यांना जेवायला पाठवलं. विभागप्रमुखांना कोणता व्हॉल्व्ह कशाचा हेही सांगता येईना. शेवटी मीच कुंकू पुसलं, बोट कपाळाला लावलं आणि पंप सुरू केला. सळई ताणली, मधे बारीक झाली आणि धाडकन तुटली. दचकून सगळ्यात मागे उडाले ते विभागप्रमुख. मुलं मात्र पुढे सरकली. त्या मुलीने तुकडा उचलला, तर तो गरम लागला. हे पुस्तकात होतं, पण ते खरं असतं हे तिला आज कळलं. मला आनंद कमी आणि संताप जास्त झाला.

आम्ही पूर्ण मान्यता दिली नाही, फक्त एका वर्षाची दिली. प्राचार्यांचा फोन आला. "सर, मशीन तं चालू होती. मंग काऊन कापलं आम्हाले?"

तेव्हापासून मी कुठल्याही लॅबमध्ये मशीन चालू आहे का, असं विचारत नाही. तुटलेले तुकडे दाखवा म्हणतो.