चॅनेलवाल्यासाठी धरलेला कोयता

आज बाजारात कोयत्याला धार लावताना तापलेल्या लोखंडाचा वास आला आणि माझं डोकंच फिरलं.

त्या वर्षी लोकसभेच्या निकालानंतर मतमोजणीवरून शहरभर ओरड चालली होती. वर्सोव्यात आमच्या गल्लीतली निम्मी नावं तर मतदार यादीतूनच गायब होती. आम्ही कोळणींनी धंदा बंद केला आणि मासळीच्या पाट्यांसकट मोजणी केंद्राबाहेर जाऊन बसलो. आम्ही शांत होतो, म्हणून बातमी घ्यायला आलेला चॅनेलवाला कंटाळला. माझ्या वहिनीला म्हणाला, "मावशी, पाटीतला कोयता जरा वर धरा ना."

"कशाला रे? तुला कापू?" वहिनी हसली.

"धर गं, टीव्हीवर दिसशील," मीच म्हणाले.

संध्याकाळी बातमी लागली, कोयते घेऊन जमाव रस्त्यावर. सकाळी पोलीस वहिनीला घेऊन गेले. मी ठाण्यात जाऊन सांगितलं, चॅनेलवाल्यानेच कोयता धरायला लावला. साहेबांनी ती बातमी मला दाखवली. त्यात त्याचा आवाज नव्हता, वहिनीचं हसणंही नव्हतं.

वहिनी आठ दिवस आत होती. तेव्हा मी त्याला शिव्या घालत होते. आता स्वतःचाही तितकाच राग येतो. कॅमेरा तोंडासमोर असताना आमची नावं कुठे गेली, एवढं विचारायचं मला सुचलं नाही.