झोप लागली असेल

तुमसरच्या भातगिरणीत पट्ट्यात सापडून बाबांचा उजवा हात गेला, तेव्हा मी इटालियन शिकत होतो. इटलीतल्या कामगारांची पत्रकं त्यांच्याच भाषेत वाचायची जिद्द होती. पुस्तकात धडा आला होता क्रियापदातून अंदाज सांगण्याचा. आपल्यासारखाच तेही भविष्यकाळ वापरतात. 'सारा स्तांको' म्हणजे थकला असेल. स्वाध्यायातला प्रश्न होता, एक माणूस कामावर आला नाही, का? मी लिहिलं, थकला असेल, आजारी असेल.

इंजिन बंद न करता चालत्या चाकावर हातानेच पट्टा चढवायचा, हा गिरणीमालकाचा हुकूम. तरी मुनीम म्हणाला, "झोप लागली असन." संध्याकाळपर्यंत सगळी गिरणी तेच बोलू लागली. चूक बाबांची ठरली तर जायबंदी कामगाराला गिरणी देते ती चौकीदारीसुद्धा त्यांना मिळणार नव्हती.

बाबा दवाखान्यातून घरी आल्यावर काका भेटायला आले; तेही त्याच गिरणीत होते, अपघाताच्या वेळी बाबांच्या शेजारीच उभे.

"काका, तुमी पाह्यलं नं? मंग सांगा मालकाले!"

"मी पोत्याकडं पाहून राहिलो होतो, बापू. लागली असन झोप."

"झोपेत माणूस पट्टा चढवते काय?"

काका भडकले. "बोलाले तुह्यं काय जाते? पत्रकं वाचते अन् भाषण देते. मले उद्या त्याच पट्ट्यापाशी उभं राहा लागते."

खाटेवरच्या बाबांनी डाव्या हातानं चहाची बशी त्यांच्याकडे सरकवली. म्हणाले, "जाऊ दे. असन लागली."

चौकीदारीचं घरात पुन्हा कुणी बोललं नाही.