धाकूकाकांच्या दंडावरची तुळस

पेशंट खोटं बोलतात, हे मी बावीस वर्षं बघतेय. "गोड? छे, जिभेवर ठेवत नाही," म्हणणाऱ्याच्या खिशातून पडलेला पेढ्याचा कागद मीच उचलून त्याच्या हातात दिलाय. कळव्यातल्या एका डायबेटिसच्या दवाखान्यात मी सिस्टर आहे. रक्त काढते, पथ्यावर व्याख्यान देते, थोडक्यात पालथ्या घड्यावर पाणी ओतते. हल्ली दंडावर सेन्सर लावायचं कामही माझ्याकडेच आहे. नाण्यापेक्षा जरा मोठी पांढरी चकती, तिला आतून केसासारखी बारीक तार. चौदा दिवस ती साखर मोजते आणि आकडा मोबाइलवर पाठवते. चकती कधी खोटं बोलणार नाही, असं मला वाटायचं. धाकूकाकांनी तीही समजूत मोडली.

धाकू शिगवण मूळचे मंडणगडचे. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात एकतीस वर्षं प्रेस मशीनवर होते आणि डाव्या हाताचं एक बोट तिथेच ठेवून रिटायर झाले. बायको विमल चार वर्षांपूर्वी गेली. एकुलती एक मुलगी सोनल लग्न होऊन बंगळूरला. काका कळव्याच्या दीड खोलीत एकटे. गेल्या दिवाळीनंतर साखर एकदम उतरली आणि ते मोरीत पडले. सकाळी पडले, ते दुपारी डबेवाल्या बाई आल्यावर कुणाला तरी कळलं. सोनल दुसऱ्या दिवशी विमानानं आली. "बाबा, एक तर माझ्याकडे चला, नाहीतर हे लावून घ्या," म्हणाली. विमलचं घर सोडायचं नव्हतं, म्हणून काकांनी चकती लावून घेतली. त्यांचा आकडा थेट लेकीच्या मोबाइलवर जातो आणि साखर सत्तरच्या खाली गेली की तिच्याकडे भोंगा वाजतो.

पहिला सेन्सर मी उजव्या दंडावर लावला. चौदा दिवसांनी काढला तर चिकटपट्टीनं लाल चट्टा उठलेला. म्हटलं, आता डावा हात द्या. काका बाही वर करेनात. बावीस वर्षांत कोण कोण काय काय लपवतं ते पाहिलेलं असल्यामुळे मी सरळ बाही ओढली आणि बघतच राहिले. दंडाच्या मागच्या बाजूला हिरवंगार गोंदण. तुळशीवृंदावन, दोन्ही बाजूंना मोर, आणि भोवती ठिपके. आमच्या आजीच्या हातावर असायचं तसलं, अस्सल बायकी.

"काका, हे काय हो?"

"विमलचं आहे," काका म्हणाले. मग खुर्चीत नीट बसले आणि सांगू लागले. "ती गेली तेव्हा बायकांनी तिच्या अंगावरचं सगळं काढून घेतलं. बांगड्या, जोडवी, सगळं. म्हणाल्या, गोंदण तेवढं बरोबर जातं. मी माझे हात बघितले. माझ्या हातावर काहीच नाय. मी काय घेऊन जाणार? तिनं तरी मला कशावरनं ओळखायचं?"

तेराव्यानंतर ते स्टेशनजवळच्या विकीकडे गेले. विकी टॅटू काढतो, वाघ, कवट्या, असलं काहीतरी. त्यानं तुळस पहिल्यांदाच काढली. नमुना काकांनी कागदावर आठवून काढून दिला होता.

"आठवून?"

"त्रेचाळीस वर्षं तिनं ताट वाढलं. तो हात मी बघणार नाय तर काय? पण एक ठिपका विसरलोय. कुठला ते काय आठवत नाय."

मी जरा वेळ ट्रेमधलं सामान उगाच इकडचं तिकडे केलं. टॅटूवर शक्यतो लावू नये असं वाचलेलं होतं, पण उजवा हात चिडलेला. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस लावून बघा. मी तुळशीच्या बरोबर मधोमध चकती चिकटवली.

चौदा दिवसांनी काका आले ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. चेहरा कसा टवटवीत. मी मोबाइलवरचा आलेख पाहिला. पंचावन्न, साठ, बावन्न. रोज पाच-सहा वेळा साखर तळाला. इतकी उतरली तर माणूस आडवा व्हायला हवा. हे तर हसत होते. बोटाला सुई टोचून पाहिलं, दोनशे चाळीस! शाईमुळे असेल, तिथली कातडी निबर असेल, डॉक्टरांनाही नक्की सांगता येईना. पण त्या जागेचा आकडा धरण्यात अर्थ नव्हता. उजवा दंड बरा झाला होता. चिकटपट्टीखाली लावायचं औषध आधी लावून चकती तिकडे हलवली.

पुढच्या वेळी आकडे सरळ आले. काका मात्र पार उतरलेले. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण तुटलेलं.

"सिस्टर, परत डावीकडेच लावा."

"वेड लागलंय का काका? तिथे खोटा आकडा येतो."

"येऊ दे ना. तिथं असलं की सोनलचा फोन येतो."

मग सगळं बाहेर पडलं. तळाचा आकडा दिसला की सोनल हातातलं काम टाकून फोन करायची. बाबा, साखर खा. काका चमचाभर साखर तोंडात टाकायचे. आकडा वर येईपर्यंत ती फोन ठेवायची नाही. मग बोलणं व्हायचं. डब्याला काय होतं, शेजारचे परत आले का, तिकडे पाऊस आहे का. दिवसातून पाच-सहा वेळा. दवाखान्यात विचारते म्हणाली की काका "सिस्टरना सांगितलंय" म्हणून वेळ मारून न्यायचे.

"तुम्हाला कळत नव्हतं? साखर उतरली की घाम फुटतो, हात कापतात."

"कळत होतं ना. काहीच होत नव्हतं मला."

"आणि तरी साखर खाल्लीत?"

"हळूहळू खायचो," काका म्हणाले. "खाऊन होईपर्यंत ती थांबायची."

मी खूप बोलले. डोळे जातील म्हटलं, पाय कापायला लागेल म्हटलं, लेकीला फसवताय म्हटलं. ते मान खाली घालून ऐकत होते. "विमलची जागा ना ती," एवढंच म्हणाले, "जिवंत होती तेव्हाही तीच पोरीला फोन करायला लावायची."

त्यांना बाहेर बसवून मी सोनलला फोन लावला. राग होताच. म्हटलं, आकडे चांगले आले म्हणून बापाला विसरलीस काय? ती गोंधळली.

"विसरले? सिस्टर, मी दिवसभर त्यांनाच बघते. मीटिंगमध्येसुद्धा मोबाइल मांडीवर असतो. सकाळी रेषा वर गेली की कळतं, चहा-बिस्किटं झाली. एक वाजता परत वर गेली की जेवले. सगळं हिरवं दिसलं की जीव थाऱ्यावर येतो. मग उगाच फोन करून काय विचारू? सगळं तर दिसतंच आहे."

तिच्यावर चिडायचं होतं, पण चिडता येईना. दोघांचंही ऐकून मलाच रडू आलं. फोन करत जा एवढंच म्हटलं. हो हो, म्हणाली.

काकांना आत बोलावलं. त्यांना बरं वाटेल अशा खात्रीनं सांगितलं, "काका, सोनल दिवसातून पन्नास वेळा तुम्हाला बघते. तुम्ही चहा घेतलात, जेवलात, सगळं तिला तिथे बसून दिसतं."

काकांनी खिशातून स्वतःचा मोबाइल काढून पाहिला.

"तिला दिसतं," ते म्हणाले. "ती जेवली का, ते मला कुठं दिसतं, सिस्टर?"

मी नवी चकती पाकिटातून काढली, तेव्हा त्यांनी न सांगता उजवी बाही वर केली.