सावंतांच्या आईंची खुर्ची

बाल्कनीच्या बाजूची सरकती काच अर्ध्यावर अडली. मी जोर लावला, हलेना.

"नया पेंट है साहेब, चिकटली असेल," मेहरा म्हणाले.

फ्लॅट त्यांचा. अंधेरी पश्चिमेला समुद्राच्या बाजूची नवी वस्ती, चौथा मजला, लिफ्ट, इंटरकॉम. हॉलची भिंत काढून बाल्कनी आत घेतलेली, तिला तिन्ही बाजूंनी काचा, खाली हॉलसारखाच पांढरा संगमरवर. ऐंशीच्या दशकात मॉडर्न फ्लॅट म्हणजे हे एवढं असायलाच लागायचं.

मी घरकर्ज देणाऱ्या एका कंपनीत टेक्निकल ऑफिसर होतो. कर्ज मंजूर होण्याआधी फ्लॅट तपासून रिपोर्ट द्यायचा, हे माझं काम. घेणारे सावंत टेलिफोन खात्यात होते. वडील गिरणीत, त्यामुळे सगळं आयुष्य परळच्या एका खोलीत गेलेलं. त्या दिवशी ते बायकोला आणि आईला घेऊन आले होते. आई बाल्कनीतल्या वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या.

"माझी जागा हीच," त्या म्हणाल्या. "आता माका हयसून कोण उठवचो नाय."

"सोमवारी दुसरी पार्टी येतेय, सावंत," मेहरांनी आठवण करून दिली.

सावंतांनी माझ्याकडे पाहिलं. "साहेब, आजच रिपोर्ट द्या ना. आईने तर पडद्यांचा रंगपण ठरवलाय."

पण मी समोरच्या काचेच्या चौकटीकडे बघत होतो. चौकट आणि वरचा स्लॅब यांच्यामध्ये बोटभर पुट्टी भरलेली होती, अगदी ताजी. पुट्टी भरावी लागली, म्हणजे तिथे फट पडली होती. आणि फट पडली, म्हणजे खालचं काहीतरी खाली गेलं होतं.

बाल्कनी म्हणजे भिंतीतून बाहेर काढलेला हात. खांद्याशी धरलेला, पुढे अधांतरी. तिची फरशी हॉलपेक्षा चार इंच खाली असते. बाल्कनी हॉलमध्ये घेताना लोक ते चार इंच विटांच्या तुकड्यांनी भरतात आणि वर संगमरवर बसवतात. मी मनात हिशेब केला. चाळीस चौरस फूट, चार इंच भर, इंचभर दगड. जवळजवळ एक टन. म्हणजे पंधरा माणसं तिथे रात्रंदिवस उभी. आणि असा हात वाकला की तडा वरच्या बाजूने, भिंतीलगत पडतो. तो संगमरवराखाली झाकलेला राहतो.

"आजी, जरा आत बसा."

"कित्या?"

"तुम्ही तिथे बसलात तर मला फ्लॅट नापास करावा लागेल."

त्या पुटपुटत उठल्या. मी टेप घेऊन खालच्या मजल्यावर गेलो. खालून उंची मोजली की वरचा स्लॅब किती वाकलाय ते कळतं.

दार दीक्षितबाईंनी उघडलं. बाल्कनीतून ठोकाठोक ऐकू येत होती.

"आमची बाल्कनीची खिडकी सहा महिने झाले उघडतच नाही हो," त्या म्हणाल्या. "सुताराने दोनदा रंधा मारला. परत अडते. शेवटी म्हटलं, काढूनच टाक, ॲल्युमिनियमची बसवू."

मी धावलो. सुताराने एका बाजूचं उभं लाकूड मोकळं केलं होतं आणि दुसऱ्याच्या फटीत पहार घातली होती. चौकटीची वरची पट्टी मध्यभागी वाकली होती. मेहरांची बाल्कनी तिच्यावर टेकली होती. टनभर दगडविटा दीक्षितबाईंच्या सागवानी चौकटीने धरून ठेवल्या होत्या.

"पहार सोड! हात लावू नकोस!"

"लाकूड फुगलंय साहेब, एक दणका—"

"सोड म्हणतो ना!"

त्याने सोडली. तेवढ्यात डोक्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आजी परत जाऊन बसल्या होत्या.

मी जिन्यातून ओरडत वर गेलो. मला पाहून सावंतांनी काही न विचारता आईला खुर्चीसकट उचलून हॉलमध्ये आणलं.

मेहरा भडकले. "पूरी बिल्डिंगने केलंय! फक्त माझंच दिसलं?"

त्यांच्याच फोनवरून मी ऑफिसात माझ्या साहेबांना कळवलं.

"बाल्कनीचं काय घेऊन बसलात?" साहेब म्हणाले. "शेरा मारा आणि पास करा. फ्लॅट आपल्याकडे गहाण असणारच आहे."

"फ्लॅट राहील, साहेब. बाल्कनी राहील असं मी लिहून देणार नाही."

साहेबांनी फोन ठेवता ठेवता सांगितलं, "तुमच्या सहीने नापास करा."

केला. संध्याकाळपर्यंत सोसायटीने दीक्षितबाईंच्या बाल्कनीत लोखंडी टेकू लावले. पुढे संगमरवर उखडला तेव्हा भिंतीलगत या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा होता. माझी स्टीलची पट्टी त्यात उभी राहिली. मेहरांनी माझा नमस्कार घेणं बंद केलं, त्याला माझा इलाज नव्हता.

सावंतांनी नंतर मुलुंडला फ्लॅट बघितला. तपासणीला मीच गेलो. आई दारातच भेटल्या, जिना चढून दम लागलेला.

"खालच्या बाईच्यो खिडक्यो उघडतत," त्या म्हणाल्या. "सगळ्यो उघडून बघून इलंय. आता तुमी काय ता मोजा."

तेव्हापासून मीही तपासणी खालच्या मजल्यावरून सुरू करतो. वरचे लोक फ्लॅट विकत असतात. खालच्यांना काही विकायचं नसतं.