म्हशीच्या बदल्यात पिस्तूल

साखरा गावच्या तातेरावांच्या डाव्या डोळ्यात फूल होतं. लहानपणी देवी आल्या, तेव्हा पडलेलं. विशीत ते निजामाच्या फौजेत भरती व्हायला औरंगाबादेपर्यंत गेले आणि त्या डोळ्यापायी पहिल्याच दिवशी परत आले. पुढं त्यांनी शेती केली, लग्न केलं, भरतीचं नाव काढलं नाही. पण फौजेच्या जुन्या वस्तू दिसल्या की त्यांचे पाय थबकायचे.

हिंगोलीला आधी मोठी छावणी होती. घोडदळ गेलं, पण शिपायांची काही घरं तिथंच राहिली, आणि त्या घरांतून पितळी बक्कल, तुटकी रिकीब, चेपलेला बिगूल असं काही ना काही निघायचं. तातेराव ते धान्य देऊन घ्यायचे. पंचेचाळिशीत आले तेव्हा ओसरीमागच्या खोलीत दोन तलवारी, एक ढाल आणि भिंतभर पितळ होतं. दसऱ्याला ते स्वतः चिंच लावून एकेक वस्तू घासत. बायको गोजरबाई त्या खोलीला ‘भंगाराचं देवघर’ म्हणायची.

छावणीमागच्या गल्लीत नानीबाई नावाची म्हातारी राहायची. तिचा सासरा घोडदळात होता आणि त्याचं पिस्तूल तिच्या पेटीत होतं. तातेरावांनी ते एकदा पाहिलं आणि नऊ वर्षं मागत राहिले. एकोणीसशे शेहेचाळीसच्या दिवाळीनंतर म्हातारीनं निरोप धाडला, पैसा नको, दुभती म्हैस द्या.

घरात दुभती म्हैस एकच होती. गोजरबाईनं माहेराहून लहान वगार असताना आणलेली. गोजरबाई दोन दिवस भावाकडं गेली होती, तेवढ्यात तातेरावांनी म्हैस सोडली. सोबत गावाजवळच्या लमाण तांड्यावरचा सेवा होता. सेवाच्या आजोबांच्या बैलांनी कधीकाळी याच फौजेचं धान्य वाहिलं होतं. त्या गोष्टी तो तातेरावांना सांगायचा आणि तातेराव पुन्हा पुन्हा ऐकायचे. त्यातूनच दोघांचं जमलं होतं.

सेवा बाहेर म्हैस बांधत होता. आत नानीबाईनं मेणकापड उलगडलं. हातभर लांबीचं, नळीत दारू ठासून उडवायचं जुनं पिस्तूल. मुठीला पितळी टोपण आणि त्यात कडी. तातेरावांनी ते दोन्ही हातांत घेतलं.

“घोडा नहीं चढता,” म्हातारी म्हणाली. “अंदर की कमान ससुरजी के हाथ में ही टूट गयी थी. बाद में मत बोलना.”

“चलाना किसको है, नानी? रखना है.”

घरी आल्यावर गोजरबाईनं रिकामा गोठा पाहिला, मग पिस्तूल पाहिलं. “लोखंडाला पेंड घालून बगा,” ती म्हणाली, “देतं का दूध.” त्यानंतर वीस-बावीस दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही.

गाव मात्र बघायला लोटलं. तांड्यावरचे लोकही आले. कुणीतरी विचारलं, “चालतं का, दादा?”

“फौजेचं हाय ते,” तातेराव म्हणाले.

ते खोटं नव्हतं. पण ऐकणाऱ्यांनी त्याचा काय तो अर्थ लावला, आणि तातेरावांनी लावू दिला.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात मुलूख बिघडला. हत्यारबंद टोळ्या फिरू लागल्या. आज या गावची जनावरं गेली, उद्या त्या गावच्या गंज्या पेटल्या, असं रोज कानावर यायचं. लोक गाडीबैल घेऊन पैनगंगेपल्याड वऱ्हाडात जाऊ लागले. तांड्यावरही बोचकी बांधली गेली. निघायच्या आधी सेवा आणि त्याचा भाऊ रूपसिंग तातेरावांकडं आले.

“दादा, तुमी चाललात का?” सेवानं विचारलं.

“न्हाई. शेत टाकून कुठं जाऊ?”

“मंग आमी बी काहून जावं? तुमच्यापाशी पिस्तूल हाय. दारूगोळा हाय ना?”

तातेरावांनी मागं वळून पाहिलं. दारात गोजरबाई उभी होती.

“हाय,” ते म्हणाले.

दोघे गेल्यावर गोजरबाई म्हणाली, “त्येंना सांगा. लेकरंबाळं हायेत तांड्यावर.”

“सांगतो.”

“आत्ता जा.”

“सांगतो म्हणलं न्हवं!”

तातेराव गेले नाहीत. त्यांना वाटलं, पिस्तुलाची बोलवा टोळीच्याही कानावर जाईल आणि ती या वाटेला येणार नाही. आणखीही एक होतं, जे त्यांनी पुढं स्वतःच बोलून दाखवलं. त्या दिवसांत ते पारावर गेले की माणसं उठून जागा देत. परत पाठवलेल्या माणसाला कुणीतरी पहिल्यांदा शिपाई समजत होतं.

बोलवा टोळीच्या कानावर गेली ती खरीच. श्रावणात, सकाळी न्याहारीच्या वेळी पंचवीस-तीस माणसं आली आणि आधी तांड्यावर शिरली. पिस्तूल कुणाकडं आहे, हेच विचारत होती. सेवा मागच्या नाल्यातून गावात धावत आला. छाती भात्यासारखी हलत होती.

“दादा, काढा! लवकर! झोपड्या पेटवून राहिले!”

तातेरावांनी खुंटीवरचं पिस्तूल काढलं आणि हातात घेऊन तसेच उभे राहिले.

“चला की!”

“सेवा,” ते म्हणाले, “ते उडत न्हाई.”

“म्हंजी?”

“आतली कमान तुटलीय. घेतलं तवापासून.”

सेवानं त्यांच्याकडं पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं तातेराव नंतर म्हणायचे. त्यानं कोपऱ्यातली काठी उचलली आणि आल्या वाटेनं पळत सुटला. तांड्यावर त्याची बायको रूपाबाई होती.

तातेराव ओसरीपर्यंत गेले. तिथून पुढं गेले नाहीत. त्यांनी परत येऊन पिस्तूल जोंधळ्याच्या कणगीत खुपसलं.

तांड्यावर सात झोपड्या जळाल्या. सेवाला विचारलं, पिस्तूल कुणाकडं? त्यानं नाव घेतलं नाही. त्याला रूपाबाईच्या देखत जिवे मारलं. मग जनावरं हाकलत टोळी निघून गेली. गावात ती आलीच नाही.

आणि गाव म्हणू लागलं, दादाच्या पिस्तुलाला भिऊन माघारी गेले. लोक हात जोडून सांगायला यायचे. तातेराव आतून कडी लावून घ्यायचे. गोजरबाई बाहेर येऊन सांगायची, “त्येंच्या जिवाला बरं न्हाई.” तीही खरं बोलली नाही.

भादव्यात हिंदी फौज आली आणि निजामाचं राज्य गेलं. मग दवंडी फिरली, घरातली हत्यारं हिंगोलीला जमा करा. तातेरावांनी तलवारी आणि पिस्तूल घोंगडीत बांधलं. रूपसिंगकडं एक भाला होता, तोही सोबत निघाला.

कचेरीपुढं रांग होती. कारकुनानं पिस्तूल उलटसुलट केलं, घोडा ओढला. तो लुळा पडला. कारकून मोठ्यानं बोलत लिहू लागला, “पिस्तूल एक, जुनं, निकामी.” मान वर करून त्यानं विचारलं, “कधी मोडलं?”

मागं रूपसिंग उभा होता. ‘आत्ताच मोडलं’ म्हणायला जागा होती. तातेराव म्हणाले, “माझ्याकडं आलं तवाच मोडलेलं होतं.”

परतीच्या वाटेवर दोघे एकाच गाडीत होते. दोन कोस वाट सरली. मग रूपसिंगनं विचारलं, “सेवाला ठाऊक हुतं?”

“त्याच दिशी सांगितलं. तो धावत आला तवा.”

रूपसिंग चालत्या गाडीतून खाली उतरला. “भावजयीला तुमीच सांगा,” म्हणाला. “माझ्या तोंडानं न्हाई व्हायचं.” आणि उरलेली वाट तो पायी आला.

दुसऱ्या दिवशी तातेराव तांड्यावर गेले. रूपाबाई जळक्या जागेवर चार फांद्या रोवून त्याखाली बसली होती. त्यांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. म्हैस, कमान, पारावरचा मान, ओसरी. काही गाळलं नाही. आजूबाजूची माणसं गोळा झाली होती.

रूपाबाईनं ऐकून घेतलं. “आमचं बोचकं बांधून तयार हुतं,” ती म्हणाली. “चार दिस बांधलेलं हुतं. तुमी ‘हाय’ म्हणलात, म्हून म्या सोडलं. ह्या हातानं.”

तातेराव खाली बसू लागले.

“बसू नका,” ती म्हणाली. “जावा.”

कुणी त्यांच्यावर हात टाकला नाही. गावात मात्र पारावर ते आले की बोलणं थांबू लागलं. खोलीतलं उरलेलं पितळ त्यांनी तांबटाला देऊन टाकलं. गोजरबाई दोनदा तांड्यावर पीठ घेऊन गेली आणि दोन्हीदा भरल्या टोपलीनिशी परत आली.

कार्तिक लागल्यावर तातेराव रोज सकाळी विळा घेऊन निघू लागले. माळावरचं गवत कापायचं, भारा डोक्यावर तांड्यावर न्यायचा आणि जळालेल्या झोपड्या शाकारायच्या. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं, कुणी अडवलंही नाही. पाणी मात्र कुणी विचारलं नाही. ते घरून कळशी न्यायचे. पौषापर्यंत सहा झोपड्या उभ्या राहिल्या.

सातवी रूपाबाईची. तिच्यासाठी ते मेढी रोवत होते, तेव्हा ती भावाच्या गाडीत बसून वऱ्हाडाकडं निघाली. गाडी त्यांच्या जवळून गेली. तातेरावांनी हातातलं काम थांबवून मान खाली घातली. तिनं समोर बघत राहून गाडीवानाला सांगितलं, “हाक.”

झोपडी त्यांनी पुरी केली. तिच्यात कुणी राहायला आलं नाही.